सुरतेला चुकलेली गाडी

कॅनडात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना मध्यरात्रीच्या फोनची धास्ती नवी नाही. टोरांटोत रात्र असते तेव्हा नागपूर-मुंबईत दिवस चढलेला असतो, आणि आई किंवा वडील गेल्याची वार्ता अशाच वेळी येते. तिकीट काढून गावी पोहोचेपर्यंत चिता विझलेली असते. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर होते, आणि ‘आपण वेळेवर पोहोचलो नाही’ हा सल पुढे कित्येक वर्षे मनात राहतो. हा सल बाबासाहेबांच्या चरित्रालाही अपरिचित नाही, एवढे आम्ही येथे सांगू इच्छितो.

1913 च्या आरंभी बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत नुकतेच रुजू झाले होते. वडील सुभेदार रामजी अत्यवस्थ असल्याची तार आली आणि ते मुंबईकडे निघाले. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी निघून गेली, अशी हकिकत धनंजय कीर यांनी चरित्रात दिली आहे. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा रामजींच्या अखेरच्या घटका उरल्या होत्या. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी गेले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेला हा विद्यार्थी काही महिन्यांपूर्वीचा पितृशोक बरोबर घेऊनच आला होता.

पुढे बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार दगावली. जुलै 1926 मध्ये धाकटा राजरत्न गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात, आपण आणि पत्नी या आघातातून सावरलो आहोत असे भासवणे खोटे ठरेल, अशी कबुली बाबासाहेबांनी दिली आहे. या पत्राला आठ महिने होण्याच्या आत, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. शोक ओसरला म्हणून महाड घडले, असे म्हणण्यास काहीही आधार नाही. शोक होता आणि कामही चालू होते, इतकेच इतिहास सांगतो.

27 मे 1935 रोजी राजगृहात रमाईंचे निधन झाले. साडेचार महिन्यांनी येवल्याची घोषणा झाली. पाच वर्षांनंतर, 1940 मध्ये, पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि विपन्नावस्थेत त्यांनी दिलेली साथ अर्पणपत्रिकेत कृतज्ञतेने नोंदवली. राजकीय ग्रंथाच्या पहिल्या पानावर ‘रामू’ हे घरातले नाव छापणाऱ्या माणसाने आपले दुःख कधी लपवले नव्हते.

या दुःखाला रूढीने मात्र आणखी एक ओझे जोडले होते. मुलाने अग्नी दिला नाही, पिंड पाडले नाहीत, तर मृताला गती नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. परदेशी असलेल्या मुलाला हा धाक अधिकच छळतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. तिने शोक नाकारलेला नाही. जो पोहोचू शकला नाही तो मृताचा अपराधी ठरतो, ही समजूत मात्र तिने मोडली.

या प्रतिज्ञेनंतर दोन महिन्यांच्या आतच बाबासाहेब गेले. 6 डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि विमानाने पार्थिव मुंबईला आणले गेले. 7 डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखोंचा समुदाय लोटला. त्यांतील अनेकांनाही बाबासाहेबांना अखेरचे डोळे भरून पाहता आले नव्हते. त्या चितेजवळ भदन्त आनंद कौसल्यायन यांनी एक लाखाहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. रडणाऱ्या समाजाने रडत असतानाच त्रिसरण घेतले.

किसा गोतमीची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणण्यास तथागतांनी तिला सांगितले. मृत्यू सर्वांनाच आहे हा बोध आपण त्यातून घेतोच. पण तो तिला एका जागी बसून झाला नाही. दारोदार जाऊन, प्रत्येक घरचे दुःख ऐकून झाला.

कॅनडाच्या लांब हिवाळ्यात आपली दारे बंद असतात आणि शेजारी बहुधा अनोळखी असतो. म्हणून ही दारे आपल्यालाच एकमेकांसाठी उघडी ठेवावी लागतील. कोणाकडे अशी वार्ता आली तर आपण त्या घरी जाऊ, बुद्धवंदना घेऊ आणि पुण्यानुमोदनाच्या वेळी गेलेल्या माणसाविषयी त्याच्या मुलाबाळांना बोलू देऊ. आजी-आजोबांना केवळ पडद्यावर पाहिलेल्या नातवंडांनाही जवळ बसवू. आणि वर्षभरानंतरही त्या घरातील कोणाचे डोळे भरून आले, तर ‘आता सावरा’ असे म्हणण्यापूर्वी राजरत्न गेल्यानंतरचे ते पत्र आठवू.

जय भीम. नमो बुद्धाय.