सांबा : फाइल-सहभाजन सर्व्हरच्या दुरुस्तीचा इतिहास

सांबा : युनिक्स व तत्सम प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांतील फाइली आणि मुद्रक विंडोज प्रणालीच्या संगणकांना जाळ्यामधून वापरता यावेत, यासाठी तयार केलेली सर्व्हर-आज्ञावली. जाळ्यातील इतर संगणकांना सेवा पुरविणाऱ्या संगणकास अथवा आज्ञावलीस सर्व्हर म्हणतात. अशी आज्ञावली अहोरात्र चालू असते, परक्या संगणकांकडून येणारे संदेश स्वीकारते आणि निरनिराळ्या वापरकर्त्यांचे हक्क सांभाळावयाचे असल्याने बहुधा प्रणालीतील सर्वोच्च अधिकारांनिशी चालते. त्यामुळे तीत राहून गेलेली लहानशी चूकही संपूर्ण संगणक परक्याच्या ताब्यात जाण्यास पुरेशी ठरते. म्हणूनच सांबाचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या दुरुस्त्यांचा इतिहास आहे.

उगम : जाळ्यातून फाइलींची देवघेव करण्यासाठी ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ (संक्षेपाने एसएमबी) हे संदेशनियम १९८० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबाउम यांनी रचले. पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्यांत मोठी भर घातली. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेटसाठी संशोधन करीत असलेले अँड्रू ट्रिजेल (२८ फेब्रुवारी १९६७– ) यांना विभागातील युनिक्स सर्व्हरवरील फाइली आपल्या डॉस संगणकावरून हाताळावयाच्या होत्या. संदेशनियमांचा आराखडा हाती नसल्याने त्यांनी जाळ्यातून जाणारे संदेश टिपून त्यांवरून नियम ताडले आणि डिसेंबर १९९१ ते जानेवारी १९९२ या काळात पहिली सर्व्हर-आज्ञावली लिहिली. तिचे नंतरचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळत असल्याने बदलावे लागले. तेव्हा एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द त्यांनी संगणकातील शब्दसूचीतून शोधले व त्यांतून ‘सांबा’ हे नाव निवडले. आज्ञावलीचा मूळ संहितापाठ सर्वांना मुक्त असल्याने पुढील विकासात अनेक देशांतील संगणकतज्ज्ञांचा हातभार लागला.

यूरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला सु. ४९·७ कोटी यूरो दंड केला व परस्परसंचालनास आवश्यक ती माहिती खुली करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने हा निर्णय बहुतांशी उचलून धरला. त्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये संदेशनियमांचे अधिकृत दस्तऐवज सांबाच्या कार्यकर्त्यांना मिळाले. तोवरचे काम प्रायः निरीक्षण व अनुमान यांवरच चालले होते.

थिगळाची संकल्पना : छिद्रित फितींच्या काळात फितीवरील चुकीचे छिद्र कागदाचा तुकडा चिकटवून बुजवीत. आज्ञावलीतील दुरुस्तीस ‘पॅच’ म्हणजे थिगळ हे नाव त्यावरून रूढ झाले. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये याच नावाची उपयुक्त आज्ञावली प्रसृत केली. जुना व नवा पाठ यांतील फरकांची यादी दिली असता ती जुन्या पाठात तेवढेच बदल करते. संपूर्ण आज्ञावली न पाठविता चार ओळींची सुधारणा दूरदेशी धाडणे यामुळे शक्य झाले. सांबासारखा विखुरलेल्या लोकांचा प्रकल्प अशाच देवघेवीवर वाढला.

दुरुस्तीची पद्धती : सुरक्षेविषयक दोष आढळल्यास तो प्रथम विकासकांना गुप्तपणे कळविला जातो. दुरुस्ती सिद्ध झाल्यावर आज्ञावली वितरित करणाऱ्या संस्थांना आगाऊ सूचना मिळते आणि ठरलेल्या दिवशी दोषाचा क्रमांक, त्याचे वर्णन व सुधारित आवृत्ती ही एकाच वेळी प्रसिद्ध होतात. साधारणपणे दर सहा महिन्यांनी नवी आवृत्तिमाला निघते. एका वेळी तीन माला सांभाळल्या जातात व त्यांपैकी सर्वांत जुनीस केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. या पद्धतीत एक अटळ पेच आहे. दुरुस्ती प्रसिद्ध होताच मूळची चूक नेमकी कोठे होती, हेही उघड होते. फरकांची यादी व्यवस्थापकाइतकीच हल्लेखोरालाही वाचता येते. म्हणून दुरुस्तीची घोषणा आणि ती प्रत्यक्ष बसविणे यांमधील काळ हाच सर्वाधिक धोक्याचा असतो.

प्रमुख दोष : एप्रिल २००३ मध्ये सांबात आढळलेल्या दोषामुळे स्मृतीतील राखीव जागेपेक्षा लांब मजकूर पाठवून, परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही, सर्व्हरचा ताबा घेता येत असे. २·२·८अ ही आवृत्ती काढून तो दूर करण्यात आला. एप्रिल २०१२ मधील दोष अधिक बोधप्रद होता. चूक माणसाने लिहिलेल्या ओळींत नसून संदेश उलगडणारा संहितापाठ आपोआप निर्माण करणाऱ्या साधनात होती. साहजिकच तिची आवृत्ती अनेक ठिकाणी झाली होती. दोषाचे गांभीर्य ओळखून अधिकृत मुदत संपलेल्या जुन्या आवृत्त्यांसाठीही तेव्हा दुरुस्त्या देण्यात आल्या.

विलंबाची किंमत २०१७ मध्ये जगाला कळली. विंडोजच्या स्वतःच्या एसएमबी सर्व्हरमधील दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी दुरुस्ती दिली. एका महिन्याने त्या दोषाचा फायदा घेणारे, अमेरिकन गुप्तवार्ता यंत्रणेकडून चोरलेले साधन जाहीर झाले आणि १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्तीनंतर ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर कृमी पसरला. त्याने सु. १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी निदान ८१ न्यासांचे काम विस्कळीत झाले व रुग्णांच्या हजारो नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या.

त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा दुसरा कृमी युक्रेनमधून पसरला. मर्स्क या नौवहन समूहाचे व्यवहार त्याने ठप्प केले आणि नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. हा कृमी वरील दोषाबरोबरच चोरलेल्या परवलीच्या शब्दांचाही वापर करीत असल्याने दुरुस्त केलेले संगणकही त्यास बळी पडले. शिवाय त्याचा प्रथम प्रवेश एका हिशेबी आज्ञावलीच्या अद्ययावत आवृत्तीतून झाला होता. दुरुस्ती ज्या वाटेने यावयाची, तीच वाट दूषित झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

या दोन घटनांच्या दरम्यान, २४ मे २०१७ रोजी, सांबातील वेगळा दोष जाहीर झाला. लिहिण्याची परवानगी असलेल्या सामाईक जागेत आपली फाइल ठेवून ती सर्व्हरकडूनच चालवून घेणे त्यामुळे शक्य होते. मार्च २०१० मधील ३·५·० या आवृत्तीपासून, म्हणजे सात वर्षे, तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

विलंबाची कारणे : दुरुस्ती न बसविण्यामागे केवळ आळस असतो असे नाही. सर्व्हर थांबविल्यास कार्यालयाचे काम थांबते. एप्रिल २०१६ मध्ये ‘बॅडलॉक’ दोषावरील दुरुस्तीने नियम कडक केले, तेव्हा काही जुन्या जोडण्या अडल्या व पुढील आवृत्त्यांत पुन्हा सुधारणा कराव्या लागल्या. असा अनुभव आलेला व्यवस्थापक पुढील वेळी वाट पाहणे पसंत करतो. घरगुती व छोट्या कार्यालयांतील साठवण-उपकरणांत सांबा अंतर्भूत असते, परंतु ती तेथे आहे याची मालकाला कल्पना नसते आणि उत्पादकाने जुन्या उपकरणाकडे पाठ फिरविली, तर दुरुस्ती उपलब्ध असूनही ती तेथवर पोहोचत नाही.

जुन्या संदेशनियमांचा त्याग हा यावरील एक मूलगामी उपाय होय. विंडोज १० च्या २०१७ मधील शरत्कालीन आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या मांडणीत वगळण्यात येऊ लागली, तर सांबाने सप्टेंबर २०१९ मधील ४·११ आवृत्तीपासून ती मूळ स्थितीत बंद ठेवली. तथापि एवढ्याने प्रश्न मिटत नाही. एक चूक दूर होते ती आज्ञावली लिहिणाऱ्यामुळे, परंतु संकट टळते ते ती दुरुस्ती वेळेवर बसविणाऱ्यामुळे, आणि या दुसऱ्या कामाची नोंद बहुधा ते राहून गेल्यावरच होते.