अनुकरण, अनैच्छिक
दुसऱ्याची हालचाल पाहताच पाहणाऱ्याकडून नकळत तशीच हालचाल होण्याची प्रवृत्ती. ॲडम स्मिथ या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५९ मध्येच तिचे मार्मिक वर्णन केले : सैल दोरावरील नर्तकाकडे पाहणारा जमाव त्याच्याप्रमाणेच अंग वळवितो व तोल सावरू लागतो. याचे मूळ त्याने सहानुभूतीत, म्हणजे स्वतःस दुसऱ्याच्या जागी कल्पिण्यात शोधले. पुढे विल्यम जेम्सने (१८९०) हालचालीची नुसती कल्पनाही काही अंशी ती हालचाल जागी करते, असे प्रतिपादिले. थॉर्नडाइकने १९१३ मध्ये या मताची आदिम जादूटोण्याशी तुलना करून खिल्ली उडविली. ही टीका चुरचुरीत असली, तरी तिने जमावाच्या त्या वळणाऱ्या अंगांचा उलगडा होत नाही.

खरा वाद ही प्रवृत्ती उपजत की अर्जित, हा आहे. मेल्ट्‌झॉफ व मूर यांनी १९७७ मध्ये दोन-तीन आठवड्यांची अर्भके जीभ बाहेर काढण्याचे अनुकरण करतात, असे दाखविले व उपजतवादाचे पारडे जड झाले. तथापि २०१६ मध्ये १०६ अर्भकांच्या पाहणीत तसा पुरावा मिळाला नाही. सिसिलिया हेज यांच्या मते, स्वतःची हालचाल करणे व तशीच हालचाल पाहणे यांच्या वारंवार साहचर्यातून ही प्रवृत्ती घडते. आरसा आणि बालकाची नक्कल करणारे वडीलधारे यांचा त्यात मोठा वाटा असतो.