सबज्याचं आईझाड : लहान आणि निरोगी कसं ठेवावं

तू बिश्वातला एलियाहू हनबीच्या उरुसाचा मलिदा आला की दरवर्षी कोणीतरी मला विचारतं, "या थंडीत ताजा सबजा कुठून आणलात?" आमच्या घरी मलिद्याच्या ताटात सुवासासाठी सबज्याची डहाळी लागते. कोणी हदास ठेवतं, कोणी गुलाब. कोकणात जानेवारीतही सबजा हिरवागार असतो. इथे मात्र तो पावसाळी थंडीत काळा पडून मरतो. म्हणून मी एक आईझाड सांभाळते आणि त्याच्या फांद्यांवरून नवी रोपं करते. माझी रीत इथे लिहून ठेवते आहे.

बी का नको, फांदी का

आईझाड म्हणजे फुलू न देता फक्त फांद्या घेण्यासाठी ठेवलेलं झाड. फांदीपासून झालेलं रोप हुबेहूब आईसारखं असतं, तोच वास आणि तेच पान. बियांचं तसं नाही. आपला सबजा आणि इथल्या बाजारातला रेहान एकाच जातीचे आहेत. दोन्ही जवळ फुलले की मधमाश्या पराग इकडचा तिकडे करतात आणि पुढच्या पिढीचा वास बदलतो.

हे मी चुकून शिकले. आईने अलिबागकडून येताना बियांची पुरचुंडी आणली होती. त्याच सबज्याचं बी मी दरवर्षी धरून पेरत असे. एका वर्षी मिर्पेसेतवर शेजारी रेहानची कुंडी ठेवली आणि दोन्ही फुलू दिले. पुढच्या वर्षी उगवलेल्या रोपांना इटालियन सॉसचा वास! नशीब की थोरल्या बहिणीकडे जुन्या झाडाची एक फांदी लावलेली होती. तिच्यावरून पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून मी बी धरत नाही.

कुंडी आणि माती

सबज्याला दोन ते तीन लिटरची कुंडी पुरे. कुंडी मोठी असली की झाड मोठं होतं, आणि मोठं झाड थंडीत आत आणता येत नाही. आपल्या वयात उचलता येईल एवढंच झाड ठेवावं.

माती भुसभुशीत हवी आणि कुंडीच्या तळाला भोकं हवीत. वरची माती बोटाला कोरडी लागली की सकाळी पाणी द्यावं. थाळीत साचलेलं पाणी ओतून टाकावं. इथलं पाणी जड असल्यामुळे मातीवर पांढरा थर येतो. महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीत ठेवून भरपूर पाणी सोडावं, म्हणजे क्षार खालून वाहून जातात.

खत पंधरा दिवसांतून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. जास्त खताने पानं मोठी आणि मऊ होतात, पण वास पातळ होतो आणि मावा लवकर लागतो.

खुडणं

सगळी मेख इथेच आहे. रोपाला पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की खालून दुसऱ्या जोडीच्या जरा वर शेंडा कापावा. त्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात. त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे असेच खुडावेत. दोनाच्या चार, चाराच्या आठ होतात आणि झाड वीतभर उंचीतच भरगच्च होतं. मी एक फुटावर जाऊ देत नाही.

एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये. फुलाचा तुरा दिसला की त्याच दिवशी काढावा. तुरे राहिले की खोड लाकडासारखं होतं, आणि तशा फांदीला मुळं उशिरा फुटतात किंवा फुटतच नाहीत.

फांदी लावणं

सकाळी चार बोटं लांबीची, कोवळी, बिनफुलाची फांदी स्वच्छ कात्रीने पेराच्या खाली कापावी. खालची पानं काढून ती पाण्याच्या पेल्यात ठेवावी. पान पाण्यात बुडू नये. पेला उजेडात हवा, उन्हात नको. पाणी दर दोन दिवसांनी बदलावं. उबदार दिवसांत आठ ते चौदा दिवसांत पांढरी मुळं येतात. ती दोन बोटं लांब झाली की रोप कुंडीत लावावं आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवावं.

आईची बदली

आईझाड कायमचं नसतं. सबजा तीन-चार महिन्यांत जून होतो. म्हणून तिच्याच फांदीवरून झालेलं सगळ्यात सशक्त रोप पुढची आई म्हणून निवडावं आणि जुनीला निरोप द्यावा. मी नेहमी दोन आया ठेवते, वेगवेगळ्या खिडक्यांत. एक गेली तरी दुसरी असते.

सणांप्रमाणे वेळापत्रक

पेसाखनंतर झाड बाहेर. सुक्कोथच्या सुमारास हिवाळ्यासाठी नव्या फांद्या लावायच्या. रात्रीचं तापमान 10 अंशांकडे उतरू लागलं की झाड आत घ्यायचं. नेगेवमध्ये हे आधी होतं, किनाऱ्यावर जरा उशिरा. हनुक्कापर्यंत तरी सगळं आत हवंच. दक्षिणेकडची खिडकी उत्तम. ऊन कमी पडत असेल तर पांढरा एलईडी दिवा लावावा. तू बिश्वातच्या तीन आठवडे आधी शेवटचं खुडणं करून हात आवरावा, म्हणजे मलिद्याच्या दिवशी ताजे शेंडे तयार मिळतात.

रोग

पान वरून पिवळं आणि खालून करडी-जांभळी भुरी, असं दिसलं तर तो केवडा रोग. ही बुरशी रात्रीच्या अंधारात, ओल्या पानावर पसरते. बार-इलान विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे की रात्री दिवा चालू असेल तर तिचे बीजाणू नीट तयार होत नाहीत. मी दिवा शब्बाथच्या घड्याळाला जोडून दिला आहे. पाणीही पानांवर न टाकता मुळाशीच देते.

झाड एका बाजूने कोमेजलं आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली तर ती मर. अशा वेळी मातीसकट झाड फेकावं, कुंडी धुवावी. मावा किंवा पांढरी माशी असेल तर पानं खालून नळाखाली धुवावीत, मग साबणाचं पातळ पाणी फवारावं. एक गोष्ट विसरू नका : आजारी आईची फांदी कधीही लावू नये. आजार लेकीबरोबर जातो.

हदासबद्दल थोडं

हीच रीत हदासला चालते, फक्त धीर जास्त लागतो. लुलावच्या हदासला एका पेरावर तीन पानं हवीत. म्हणून तशीच पानं असलेल्या फांदीची निवड करावी. उन्हाळ्याच्या शेवटी अर्धवट पिकलेली फांदी वाळू आणि नारळाच्या भुश्यात लावून वर प्लास्टिकची पिशवी घालावी. मुळं यायला सहा ते आठ आठवडे लागतात. हदास वर्षानुवर्षं टिकतो, पण कुंडीत लहान ठेवायचा तर दर दोन वर्षांनी हिवाळा संपताना बाहेर काढून कडेची तिसरा हिस्सा मुळं कापावीत आणि नवी माती भरावी.

शेवटी

माझ्या बहिणीकडे ती एक फांदी नसती तर आईचा सबजा माझ्या हातूनच संपला असता. म्हणून मलिद्याला येणाऱ्याला मी मुळं फुटलेली एक फांदी ओल्या कागदात गुंडाळून देते. तुमच्याकडे जुना सबजा असेल तर आजच दोन फांद्या पाण्यात ठेवा. एक स्वतःला, एक दुसऱ्या घराला.