मनोऱ्यासमोरचा समुद्र

तंजावर जिल्ह्यात मल्लिपट्टिणमजवळ सरफोजीराजांनी बांधलेला मनोरा आहे. समोरचा पाल्क उपसागर उथळ. ट्यूना, म्हणजे आपला कुपा, मिळतो तो पलीकडच्या खोल समुद्रात. १९९१ च्या धोरणाने खोल समुद्र परदेशी भागीदारीतील जहाजांना खुला केला, तेव्हा देशभरच्या मच्छीमारांनी संप केले. १९९५ मध्ये नेमलेल्या मुरारी समितीने त्यांचे म्हणणे ऐकले व १९९६ मध्ये ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

२०१७ मध्ये पाल्कच्या ट्रॉलरमालकांना कुप्यासाठीच्या ८० लाखांच्या नौकेवर ७० टक्के अनुदान देऊ केले गेले. उद्दिष्ट २,००० नौकांचे. उतरल्या फारच थोड्या. रात्रीतून परतणाऱ्याला आठवडेच्या आठवडे समुद्रात काढायचे होते. अनुदानाने नौकेची किंमत उतरते, जगण्याची रीत बदलत नाही. ती किनाऱ्यावर जाऊनच विचारावी लागते, असे मला वाटते.