एका पात्यातली दोन औषधं

कसाऱ्याची लोकल खर्डी सोडून उंबरमाळीकडे निघाली, की पावसाळ्यात खिडकीबाहेर हिरव्या रंगाखेरीज काही दिसत नाही. शहापूर-मुरबाड हा धो धो पावसाचा मुलूख. अशा मुलखात एखाद्या घराच्या ओट्यावर फुटक्या माठात नाहीतर जुन्या डब्यात कोरफड लावलेली दिसते. ती माठात का, जमिनीत का नाही? कारण साचलेलं पाणी तिच्या मुळांना सोसत नाही. ती मूळची वाळवंटाकडची. पात्यात पाणी साठवायचं आणि कोरडे महिने काढायचे, हा तिचा स्वभाव. तिचं माहेर अरबस्तान, असं वनस्पतिशास्त्रज्ञ आज मानतात.

तिच्या औषधाचा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाचं सागरी व्यापाराचं एक माहितीपुस्तक लिहिलं गेलं. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काने बंदरातून धूप आणि कोरफडीचा सुकवलेला रस बाहेर जाई, अशी नोंद त्यात आहे. त्याच पुस्तकात आपलं कल्याण आहे, सोपारा आहे. या बंदरांतला माल मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला, नाहीतर थळघाटाने नाशिककडे जाई. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही त्या वर्दळीची आठवण देतात. पुढे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात या औषधावर एक प्रकरणच लिहिलं आणि सकोत्रा बेटावरचा माल उत्तम ठरवला. त्या बेटावरची कोरफड मात्र आपल्या कोरफडीची बहीण, जात वेगळी.

हा व्यापार होता कशाचा? पातं कापलं, की सालीखालून पिवळा, कडूजहर चीक ओघळतो. तो आटवला की काळा खडा होतो. तोच आजीबाईच्या बटव्यातला काळा बोळ. पाय मुरगळला, मुका मार लागला, की तो उगाळायचा, गरम करायचा आणि लेप द्यायचा. पोटात गेला तर मात्र तो जबर रेचक. आतला पारदर्शक गर ही निराळीच चीज. तो थंड, भाजल्या-पोळल्या कातडीवर लावायचा. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त ‘कुमारी’ या नावाखाली हे दोन्ही गुण आहेत: ती कोठा साफ करणारी आहे आणि भाजल्यावर उपयोगी आहे. एकाच पात्यात अशी दोन औषधं नांदतात.

चिकातलं रेचक द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनी १८५१ साली वेगळं काढलं. त्याचं नाव अ‍ॅलोइन. ते पोटात मुरडा आणतं, सतत घेतल्यास शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. गरोदर बाईने तर ते टाळावंच. कोरफडीची रेचकं पुरेशा सुरक्षिततेच्या पुराव्याअभावी अमेरिकेने २००२ साली चिठ्ठीविना विकायला बंद केली.

आज कोरफडीचा रस बाटलीत मिळतो. सकाळी अनशापोटी घोटभर घेणारे पुष्कळ आहेत. त्या बाटलीत नुसता गर आहे, की सालीसकट अख्खं पातं वाटलेलं आहे, हे किती जण वाचतात? आपल्या घरांतली जुनी रीत साधी होती. पातं कापून उभं ठेवायचं, पिवळा चीक गळू द्यायचा, मग धुऊन साल काढायची आणि गर घ्यायचा. ही रीत आईकडून मुलीकडे आली, कुठे छापली गेली नाही. म्हणून तीच आधी विसरली जाते.

ओट्यावरच्या त्या माठातलं पातं उद्या कापाल, तेव्हा घाई करू नका. पिवळं पाणी आधी पुरतं निथळू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)