म्हाताऱ्या कुत्र्याचा जुना खोकला: कारणे, तपासण्या आणि घरी घ्यायची काळजी

कुत्रा दहा-बारा वर्षांचा झाला, रात्री-पहाटे खोकायला लागला की घरात सहसा एकच वाक्य ऐकू येते: "आता वय झालंय त्याचं." पण म्हातारपण हा आजार नाही आणि नुसत्या वयामुळे खोकला येत नाही. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्यामागे काहीतरी कारण असते. ते सापडले तर बहुतेक कुत्र्यांना आराम देता येतो, काहींचे आयुष्यही वाढवता येते.

हा खोकलाच आहे ना?

कुत्रा खोकतो तेव्हा मान पुढे ताणतो, कोरडी ढास लागते आणि शेवटी ओकारी आल्यासारखे करून थोडा पांढरा फेस टाकतो. त्यामुळे अनेकांना वाटते की घशात हाड अडकले आहे किंवा कुत्र्याला उलटी होते आहे. काही कुत्री नाकाने जोरजोरात हवा आत ओढत घुरघुरतात. त्याला उलटी शिंक म्हणतात, आणि ती अधूनमधून आली तर सहसा निरुपद्रवी असते. डॉक्टरांसमोर कुत्रा हमखास खोकत नाही. म्हणून घरी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. आवाजाचे वर्णन करण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

कारणे कोणती असू शकतात?

*हृदयाच्या झडपेचा आजार.* लहान जातींच्या वयस्कर कुत्र्यांमध्ये हा फार आढळतो. झडप जाड होऊन गळू लागते आणि हृदयाचा डावा कप्पा फुगतो. फुगलेला कप्पा श्वासनलिकेच्या फांदीवर दाब देतो आणि खोकला येतो. आजार वाढला की फुफ्फुसात पाणी होते. डॉबरमनसारख्या मोठ्या जातींमध्ये हृदयाचा स्नायूच कमकुवत होण्याचा आजार जास्त दिसतो.

*श्वासनलिका चपटी होणे.* पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या कुत्र्यांत श्वासनलिकेच्या कूर्चा सैल पडतात. पट्टा ओढला, पाहुणे आले, कुत्रा आनंदाने उड्या मारू लागला की हंसाच्या ओरडण्यासारखा कर्कश खोकला येतो. वजन जास्त असेल तर त्रास वाढतो.

*जुना ब्राँकायटिस.* श्वासनलिकांना कायमची सूज राहते. दोन महिने किंवा अधिक काळ बहुतेक रोज खोकला येतो, पण कुत्रा खातो-पितो, खेळतो. इतर कारणे वगळल्यावरच हे निदान करता येते.

*स्वरयंत्राचा लकवा.* वयस्कर लॅब्राडोरमध्ये विशेषतः दिसतो. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो, श्वास घेताना घरघर ऐकू येते. अशा कुत्र्याला उन्हाळा धोक्याचा असतो.

*संसर्ग आणि जंत.* बोर्डिंगमध्ये राहून आल्यानंतर सुरू झालेला खोकला, न्यूमोनिया, तसेच डासांमुळे पसरणारे हृदयकृमी यांचा विचार करावा लागतो.

*गाठी.* फुफ्फुसात गाठ होऊ शकते किंवा दुसरीकडची गाठ तिथे पसरू शकते. नसबंदी न केलेल्या मादीच्या सडांमध्ये गाठ असेल आणि तिला खोकला सुरू झाला असेल तर छातीचा एक्स-रे टाळू नये.

एकाच कुत्र्यात दोन कारणे असणेही नेहमीचे आहे. डॉक्टरांना स्टेथोस्कोपने हृदयाचा जादा आवाज ऐकू आला म्हणजे खोकला हृदयामुळेच आहे असे ठरत नाही. लहान जातींच्या अनेक म्हाताऱ्या कुत्र्यांत तो आवाज असतो, पण खोकला मात्र श्वासनलिकेचा असतो. म्हणून केवळ खोकल्यावरून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू करणे योग्य नाही.

घरी मोजायचा एक आकडा: झोपेतला श्वास

खोकल्याच्या आवाजावरून फुफ्फुसात पाणी आहे की नाही हे ओळखता येत नाही. श्वासाच्या वेगावरून बराच अंदाज येतो. हे मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही.

- कुत्रा गाढ झोपलेला असताना मोजा. तो धापा टाकत असेल, स्वप्नात पाय हलवत असेल किंवा खोली खूप गरम असेल तर तेव्हा मोजू नका.
- छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास.
- ३० सेकंद मोजा आणि आकडा दुप्पट करा.
- तारीख घालून कॅलेंडरवर किंवा वहीत लिहा. सुरुवातीला रोज मोजा, म्हणजे तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कळेल.

बहुतेक कुत्र्यांचा झोपेतला श्वास मिनिटाला ३० पेक्षा कमी असतो. हृदयाचा आजार औषधांनी आटोक्यात असलेल्या कुत्र्यांचाही तेवढाच राहतो. आकडा वारंवार ३० च्या वर येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ४० च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. खोकला भरपूर पण श्वास २० च्या आसपास, असे असेल तर तपासणी हवीच, पण घाबरून रात्री धावपळ करण्याची गरज सहसा नसते.

कोणत्या तपासण्या लागतात?

सुरुवात अंगावरच्या तपासणीने आणि छातीच्या एक्स-रेने होते. त्यात हृदयाचा आकार, फुफ्फुसातले पाणी, न्यूमोनिया आणि मोठ्या गाठी दिसतात. रक्ततपासणीत संसर्ग, मूत्रपिंड आणि यकृताची स्थिती कळते. हृदयाची शंका असेल तर इको सोनोग्राफी करतात. काही वेळा भूल देऊन श्वासनलिकेत दुर्बीण घालावी लागते. तेवढी मूत्रपिंड-हृदयाची ताकद आहे का, हे आधी पाहिले जाते.

महाराष्ट्रात परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. गावात सोय नसेल तर पुढच्या तपासणीसाठी जवळच्या महाविद्यालयाच्या दवाखान्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

उपचार

उपचार कारणानुसार बदलतात, म्हणूनच निदान महत्त्वाचे.

फुफ्फुसात पाणी असेल तर फ्युरोसेमाइड आणि पिमोबेंडान ही मुख्य औषधे असतात. फ्युरोसेमाइडमुळे लघवी आणि तहान वाढते. "सारखी शू करतो" म्हणून पाणी तोडू नका, त्याने मूत्रपिंडावर ताण येतो. झडपेच्या आजारात हृदय मोठे झाले आहे पण पाणी झालेले नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडान सुरू केल्यास हार्ट फेल्युअर सरासरी सुमारे १५ महिने लांबते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एपिक' अभ्यासात दिसले. म्हणजे लवकर तपासणी केल्याचा फायदा प्रत्यक्ष महिन्यांत मोजता येतो.

ब्राँकायटिसमध्ये सूज कमी करण्यासाठी स्टिरॉइड देतात. गोळ्यांनी भूक, तहान आणि लघवी वाढते. त्या अचानक बंद करू नयेत. काही कुत्र्यांना मास्क लावलेल्या स्पेसरमधून इनहेलर देता येतो. श्वासनलिका चपटी होत असेल तर वजन कमी करणे आणि खोकला दाबणारे औषध यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. न्यूमोनियात मात्र खोकला दाबायचा नसतो, कारण कफ बाहेर येणे गरजेचे असते.

घरी काय करावे?

- गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस वापरा.
- वजन जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून जेवण मोजून द्या.
- सिगारेट, धूप, अगरबत्ती आणि मच्छर कॉइलच्या धुरापासून दूर ठेवा. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी खिडक्या बंद ठेवा.
- फिरायला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्या. फेरी छोटी ठेवा.
- हृदयाचा आजार असेल तर पापड, फरसाण, वेफर्स अशा खारट गोष्टी देऊ नका. गोळी चीजमध्ये लपवून देण्याची सवयही बदला.

काय करू नये?

- माणसांचे खोकल्याचे सिरप देऊ नका. त्यातली काही औषधे कुत्र्याला घातक ठरतात. साखरविरहित सिरपमधले झायलिटॉल तर थोड्या प्रमाणातही धोकादायक असते.
- पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका.
- कापूर किंवा बाम छातीला चोळू नका. कुत्रा तो चाटतो आणि कापूर त्याला विषारी आहे.
- मागच्या वेळचे अँटिबायोटिक पुन्हा सुरू करू नका.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यावे?

- हिरड्या किंवा जीभ निळसर, राखाडी किंवा पांढरीफटक पडली.
- श्वास घेताना पोट जोरात हलते, कुत्रा मान ताणून बसून राहतो, आडवा होत नाही.
- खोकता खोकता कोसळला किंवा शुद्ध हरपली.
- खोकल्यातून रक्त किंवा गुलाबी फेस आला.
- ताप, खाणे बंद, एकदम मलूल.

नेताना त्याला शांत ठेवा, जिना उतरताना उचलून घ्या, गाडीत हवा खेळती ठेवा आणि तोंड बांधू नका.

खोकला पूर्ण जाईल का?

संसर्ग असेल तर बरेचदा जातो. हृदय, ब्राँकायटिस किंवा श्वासनलिकेच्या आजारात तो पूर्ण थांबेलच असे नाही. तिथे उद्दिष्ट वेगळे असते: कुत्र्याला रात्री झोप लागावी, जेवण जावे, छोटी फेरी मारता यावी. आठवड्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी मिळून विचार करा: या आठवड्यात चांगले दिवस जास्त होते की वाईट? उपचार चालू असूनही वाईट दिवस वाढत असतील, तर औषधे बदलण्याविषयी आणि गरज पडल्यास त्याला वेदनारहित निरोप देण्याविषयीही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. हा प्रश्न विचारणे म्हणजे प्रेम कमी असणे नव्हे. पण त्याआधी कारण शोधायची संधी त्याला जरूर द्या. पुढच्या भेटीला जाताना खोकल्याचा व्हिडिओ, श्वासाच्या आकड्यांची नोंद आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.