लाल माठ: भाजीच्या वाफ्यातून शोभेच्या बागेत

आपला लाल माठ आणि विलायती बागेतलं लाल-पिवळ्या-हिरव्या पानांचं शोभेचं झाड, वनस्पती एकच. मूळ आशियातलं. लिनियसनं १७५३ साली त्याला ‘अमरँथस ट्रायकलर’, म्हणजे तिरंगी, हे नाव दिलं. इंग्रज बागवान ‘जोसेफ्स कोट’ म्हणतात, बायबलातल्या योसेफाच्या रंगीत अंगरख्यावरून. चिनी नावाचा अर्थ ‘रानहंस आले की लाल होणारं’. शरदात हंस येतात तेव्हाच शेंडा रंगतो.

मला यात निवडीचा इतिहास दिसतो. आपण कोवळा पाला बघून बी धरलं, बागवानांनी शेंड्याचा रंग बघून. त्यातून वाण वेगळे झाले.

म्हणून सांगतो, वाफ्यात वेगळ्या रंगाचं झाड दिसलं तर जुडीत बांधू नका. खुणेला दोरा बांधा. भरपूर ऊन हवं, नत्र बेतानंच. जास्त झालं की रंग फिका पडतो. पराग वाऱ्यानं उडतात, तेव्हा जवळचा बाकी माठ तुरे यायच्या आत काढून घ्या. बी वेगळं ठेवा. एकदा ते झाड भाजीत गेलं, की तो रंगही गेला.